सागाला सर्टिफिकेट

३ जानेवारी २००९

माणसाला जन्मभर घासून सर्टिफिकेट मिळत नाही, आणि ह्यांच्या सागाला मिळणार म्हणे!

आज जेवताना हाच विषय. कारखान्यातली अवजड यंत्रं परदेशी जातात ती लाकडी पेट्यांतून. तिकडच्या एका गिऱ्हाइकाने कळवलंय — पेटीचं लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं असेल, आणि तसा तपासणीचा दाखला असेल, तरच माल उतरवून घेऊ. दिल्लीच्या साहेबांना एकदम आठवलं, अरे, भोपाळच्या टाउनशिपमागे आपलंच सागाचं जंगल उभं आहे! झालं. उद्यान अधिकारी कोण? आमचे हे. निवृत्ती कधी? एकतीस मार्चला. तोवर दाखला आणायचा.

मी म्हटलं, म्हणजे आता यंत्रांना सागाच्या पेट्या! मी देवघरासाठी एक फळी मागितली होती, तेव्हा "सरकारी झाड आहे ते, सुलभा" असं सांगून मला प्लायवूडवर बसवलंत. देवालासुद्धा.

पुढे बरंच काही सांगत होते. मालिका सुरू झाली होती. मी हं हं केलं.

५ जानेवारी

रजनी येऊन गेली. समोरच्याच क्वार्टरमधली, मूळची नागपूरची. टाउनशिपमधली कुठलीही बातमी आधी तिच्याकडे उतरते. तिच्या नवऱ्याने ऑफिसात ऐकलंय — दाखला मिळाला तर ह्यांना दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवणार. क्वार्टरसकट.

दोन वर्षं! आणि पुण्याचा, बावधनचा फ्लॅट? आमच्या बाळूने किल्लीसुद्धा घेतली. मी मनातल्या मनात पडदे लावून मोकळी झालेय. अठ्ठावीस वर्षं ह्या गावात 'गार्डनवाले साहब की मिसेस' म्हणून काढली. आता पुण्यात, मुलाजवळ, आपल्या माणसांत राहायचं असं आमचं ठरलेलं आहे. म्हणजे माझं ठरलेलं आहे.

संध्याकाळी ह्यांना सरळ विचारलं. म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे आतून होकार ठरलेला असतो.

न मिळो तो मेला दाखला. लिहून टाकलं एकदाचं. बरं वाटलं.

९ जानेवारी

तपासणीवाली आली. कुरियन मॅडम. मला वाटलं होतं कोणी चष्मेवाला म्हातारा असेल. ही तिशीची, पायात जाडे बूट, गळ्यात शिट्टी, हातात टेप. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी चहाचा थर्मास घेऊन मागे मागे. जंगलात ऑफिसचा चहा येईपर्यंत त्याची गार कॉफी होते.

बाईंनी पन्नासेक झाडांना टेप लावली, आणि मग ह्यांच्याकडे नुसतं बघत राहिल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा साग एवढासा कसा? ह्या वयात एव्हाना दोनदा विरळणी व्हायला हवी होती. एकदाही का नाही झाली? हे म्हणाले, प्रस्ताव विचाराधीन आहे. कधीपासून? हे म्हणाले, पहिल्यापासून.

"सर, आपने इनको मारा नहीं है," बाई म्हणाल्या, "लेकिन खाने भी नहीं दिया है."

मला समजलं ते असं. मेथी दाट पेरली की रोपं सुतळीसारखी वर जातात, मधली मधली उपटावी लागतात. तसंच सागाचं. वाकडी, बेचक्याची, दुबळी झाडं काढून टाकायची, म्हणजे राहतील त्यांना ऊन मिळतं, पाणी मिळतं, आणि पुढच्या खेपेला आणखी काढता येतात. तिनातलं एक जायला हवं. जंगल राखायचं म्हणजे कुऱ्हाड लावायचीच नाही असं नसतं म्हणे. बघून लावायची. आणि विरळणी झाल्याशिवाय दाखला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हे मान खाली घालून ऐकत होते. परतताना एका झाडावरची वाळवी बोटाने काढत बसले.

१० जानेवारी

कापतील कसे? नावं ठेवलीत!

लावणी एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यातली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मी सांगलीची, इथली भाषा येईना, कोणी ओळखीचं नाही, दिवसभर रडायची. हे संध्याकाळी मला लावणीवर घेऊन जायचे. मला हसवायला म्हणून पहिल्या रांगेतल्या रोपांना माणसांची नावं दिली. पाणी घातलं तरी मान टाकणारं ते माझे गोपीनाथमामा. उन्हाकडे पाठ करून वाकलेलं ते ह्यांचे भालचंद्रकाका. पुढे सिंधूमावशी, नलिनीवन्सं. रांगेच्या टोकाला सुलभा.

ती नावं तशीच चिकटून राहिली, बंद झालीच नाहीत. अजून घरात येऊन सांगतात, "मामांना कीड लागली." खरे मामा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा इतके हळहळले नव्हते!

१२ जानेवारी

आज कम्युनिटी हॉलमध्ये 'स्थानिक लोकांशी विचारविनिमय'. दाखल्याच्या नियमातच आहे म्हणे, आसपासच्या लोकांचं म्हणणं ऐकायचं. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. आले चौघे. त्यातले दोघे समोशाचा वास घेत घेत आलेले, एक माळी केशव, त्याची ड्यूटीच तिथे, आणि चौथा माईकवाला.

कुरियन मॅडमनी विचारलं, बायका कुठे आहेत? बायकांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि लोकांचा जंगलावर काही पूर्वापार हक्क असेल, तो मिटवल्याशिवाय कुऱ्हाड चालवता येणार नाही. कुऱ्हाड नाही म्हणजे विरळणी नाही, विरळणी नाही म्हणजे दाखला नाही.

मी थर्मासचं झाकण लावता लावता थांबले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हक्क हवेत का तुम्हाला? देते.

१३ जानेवारी

ह्यांना म्हटलं, बायका मिळत नाहीत ना? माझ्या हळदीकुंकवाला बोलवा तुमच्या मॅडमना. ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. म्हणाले, "तू आहेस म्हणून."

मनाला जरा लागलं. थोडंसंच.

१८ जानेवारी

आजवरचं सगळ्यात मोठं हळदीकुंकू! दरवर्षी आपल्या मराठी बायका आणि शेजारच्या दोन-चार. ह्या वर्षी मी क्वार्टरांच्या दोन्ही लायनींत निरोप धाडला — दुबे भाभी, नायर, बॅनर्जी, सगळ्यांना. जवाहर चौकातून चहाच्या गाळण्या आणल्या वाणाला. वाण आहे म्हटल्यावर कोण राहतंय घरी? बायका अंगणात मावेनात.

कुरियन मॅडमना खुर्ची दिली. हळदीकुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, हातावर अत्तर, ओंजळीत हरभरे-बोरं. जाड बुटांवर गजरा! पण चेहरा असा खुलला बाईचा, की मला आतून चोरट्यासारखं झालं. मग त्यांनी विचारलं, ह्या जंगलाशी तुम्हा लोकांचं नातं काय? सगळ्या गप्प. बोरं चघळतायत. म्हणून मीच सुरुवात करून दिली. म्हटलं, माझे तर सगळे नातेवाईकच उभे आहेत तिथे. आणि पहिल्या रांगेची गोष्ट सांगितली.

मग काय विचारता! दुबे भाभी उठल्या. नळाजवळच्या सागाला त्या दर मंगळवारी शेंदूर लावतात. "वो पेड़ नहीं है मैडम, हनुमानजी हैं." मिसेस नायरचा हक्क दोन झाडांवर. दोन का? दोरी बांधायला दोन लागतात. कपडे वाळवण्याची बारा वर्षांची परंपरा. बॅनर्जींच्या सासूबाई एका झाडाला टेकून उन्हात बसतात, दुसऱ्या झाडाशी त्यांचं पटत नाही. रजनी रोज फिरायला जाते आणि वाटेवरच्या एका झाडाला हात लावून वळते. म्हणाली, "हात नाही लावला तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं होऊन राहतं." एकीच्या दोन मुलींची लग्नं एका विशिष्ट झाडाखाली जमली, आता तिसरीचं व्हायचंय, तोवर ते झाड हलता कामा नये.

एकीचं ऐकून दुसरीला आठवे. ज्यांनी आयुष्यात जंगलात पाऊल टाकलं नाही त्यांनासुद्धा आपापलं झाड सापडलं. कुरियन मॅडमना लिहायला दुसरं पेन द्यावं लागलं. निघताना माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, असा विचारविनिमय त्यांनी आजवर कुठेच पाहिला नाही.

गाळण्या कमी पडल्या. शेवटच्या तिघींना घरातले डबे दिले.

२१ जानेवारी

जंगल ओळखू येईना. बोलल्याप्रमाणे हक्क दिसायला हवा ना, म्हणून सगळ्यांनी आपापल्या झाडाला खुणा केल्यात. लाल धागे, जुन्या ओढण्या, चुनऱ्या. नायरबाईंनी नवी नायलॉनची दोरी. तिसऱ्या मुलीच्या आईने तर झाडाला हळद लावलीय. आता नवऱ्या मुलाचीच तेवढी वाट बघायची.

एक फांदी तोडायची सोय राहिली नाही. दाखला गेलाच म्हणायचा. गंमत म्हणजे हे शीळ घालत घरी आले. मला वाटलं होतं, तोंड पाडून बसतील.

२२ जानेवारी

बाळूला फोन. म्हटलं, एप्रिलमध्ये येतोय, फिक्कट निळे पडदे बघून ठेव.

२७ जानेवारी

काय करून बसले मी!

लेडीज क्लबला गेले होते. जी.एम.ची बायको, मिसेस सक्सेना, शेजारी बसलेल्या. मी सहज म्हटलं, दाखल्याचं काही खरं दिसत नाही. त्या ढोकळा खाता खाता म्हणाल्या, "न मिले तो न सही. साग काम का नहीं तो ज़मीन तो काम की है. पैकिंग यार्ड बनेगा, नक्शा तैयार पड़ा है."

सगळं जंगल. साफ! बुलडोझर लावून.

घरी येऊन ह्यांच्यावर धावूनच गेले. हे माहीत होतं तुम्हाला? म्हणाले, "तीन तारखेला जेवताना सांगितलं होतं ना. दाखला झाला नाही तर जागा यार्डाला जाणार. तू हं म्हणालीस."

मेली ती मालिका.

२८ जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगून टाकलं — हळदीकुंकू कशासाठी केलं, बावधन, पडदे, सगळं. मान वर करवेना.

हे बराच वेळ बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "मला अठरा तारखेलाच कळलं होतं."

मग बोलला का नाहीत?

"मलाही बरंच वाटलं. कापायचं टळलं म्हणून."

घ्या! बायको दाखला बुडवतेय पुण्यासाठी, नवरा बुडू देतोय मामांसाठी, आणि दोघांच्या मध्ये ते जंगल मरतंय. मला हसू येईना आणि रडूही येईना. मग हे हसले, तेव्हा मला रडू आलं.

ठरलं. पुणे गेलं खड्ड्यात, आधी हे निस्तरायचं.

३० जानेवारी

दुबे भाभींकडे गेले. म्हटलं, हनुमानजींना शेजारच्या झाडावर हलवता येईल का? नळाजवळचं ते झाड खालून पोकळ आहे. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला, पण साखर घातली नाही. म्हणाल्या, आधी तिळगूळ देऊन बोलायला लावलंत, आता गप्प बसायला सांगताय.

नायरबाईंनी दारातूनच परत पाठवलं. बॅनर्जींच्या सासूबाईंना ऐकू येत नाही, किंवा माझंच येत नाही.

२ फेब्रुवारी

रथसप्तमी. कोणाकडूनच हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं, खूप वाटलं. पुण्याला जायचंय म्हणणारीला वाटायला नको, पण वाटलं.

५ फेब्रुवारी

हे लाल रंगाचा डबा घेऊन जंगलात गेले होते. जे झाड काढायचं त्याच्यावर पट्टा ओढायचा. दुपारी आले. डबा भरलेला. म्हटलं, किती झाली? म्हणाले, "गोपीनाथमामा." आणि न जेवता झोपले.

सुतक पाळणार की काय!

६ फेब्रुवारी

आज मीच बरोबर गेले. नाहीतर ह्या वेगाने एकतीस मार्च दोन हजार तीसपर्यंत पोचलो असतो. नियम मी मोठ्याने वाचायचे, रंग ह्यांनी मारायचा.

भालचंद्रकाका — खोड वाकडं. नियमाने जातात. हे म्हणाले, "लहानपणी वाऱ्याने वाकलेत, त्यांचा काय दोष?" म्हटलं, माणूस असते तर वकील देता आला असता, मारा रंग. सिंधूमावशी वाळलेल्या. मारा रंग. हे दर वेळी आधी खोडावर हात ठेवायचे, मग ब्रश.

नलिनीवन्सं! सरळसोट, भरदार, शेंड्यापर्यंत एक गाठ नाही. नियमाने राखायच्या. मी नियम दोनदा वाचला. कुठेही पळवाट सापडेना. ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान.

रांगेच्या टोकाला आलो आणि हे एकदम म्हणाले, ऊन झालं, उरलेलं उद्या करू. मी वर बघितलं. सुलभा छातीइतक्या उंचीवरच बेचक्याची आहे. दोन्ही खोडं बारीक, एकमेकांना ढकलताहेत. आणि शेजारच्या चांगल्या झाडाचं ऊन अडवून उभी.

डब्याचं झाकण लावलं. घरी आलो.

९ फेब्रुवारी

रजनीने शेवटी तोंड उघडलं. माझ्यावर सगळ्यात जास्त तीच रुसली होती. म्हणाली, "सुलभा, तू सगळ्यांचे झाडं कापून राहिली. तुझं?"

म्हटलं, माझे मामा, काका, मावशी, सगळ्यांना पट्टे लागलेत.

"ते नातेवाईक झाले. तुझं विचारून राहिली मी."

हाच प्रश्न सगळ्या लायनीत फिरतोय म्हणे. आधी माझं झाड जाऊ दे, मग त्या विचार करतील. दुबे भाभी नळावर सगळ्यांसमोर बोलल्या, "पहले अपना वाला काटो, फिर हनुमानजी से बात करना."

१० फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. नाही म्हणाले. आयुष्यात आवाज चढवत नाहीत, आज चढवला. "सगळं जंगल कापीन, ते एक नाही."

मीही चढवला. सगळं जंगल जाईलच की मग! झाड आहे ते, मी नाही. मी ही इथे उभी आहे, गुडघे दुखतात, पण उभी आहे. अठ्ठावीस वर्षांत माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी केलीत का कधी?

हे बाहेर जाऊन पायरीवर बसले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, "तू इथे रडत होतीस ना, तेव्हा मला वाटायचं, हे रोप जगलं तर तू राहशील. नाही जगलं तर सांगलीला निघून जाशील."

हे कधी सांगितलं नव्हतं. एक्क्याऐंशीपासून मनात ठेवलं हो माणसाने.

आत जाऊन भाकऱ्या टाकल्या. दोन करपल्या.

११ फेब्रुवारी

सकाळी एकटीच गेले. डबा, ब्रश. पट्टा मीच ओढला. वाकडाच आलाय. हाताचा रंग पुसून परत फिरले तर हे मागे उभे. ब्रश घेतला आणि माझा पट्टा सरळ करून दिला.

१६ फेब्रुवारी

सुलभा गेली.

सगळ्या लायनीतल्या बायका बघायला आल्या होत्या. लाकूडकटाईचा रमेश करवत घेऊन आला. त्याने आधी दोर बांधून कुठे पाडायचं ते नीट बघितलं, शेजारच्या झाडाला ओरखडासुद्धा नको म्हणून. कुरियन मॅडमनी डोक्यावर हेल्मेट घालायला लावलं. मलासुद्धा! नऊवारीवर घातलं असतं तर फोटोच काढला असता कोणी.

मला वाटलं होतं, काही वाटणार नाही. लाकूडच ते. पण ती कलती झाली, तेव्हा मी ह्यांचा हात धरला, सगळ्यांसमोर. खाली पडल्यावर एकदम वरून ऊन आलं, जिथे कधीच यायचं नाही तिथे. शेजारचं झाड पूर्ण दिसलं. चांगलं आहे हो, उंच. त्याला आम्ही कधी नावच ठेवलं नव्हतं.

दुबे भाभी जवळ आल्या. डोळे पुसून म्हणाल्या, मंगळवारी हनुमानजींना हलवू, पण पूजा होईल, आणि प्रसाद माझ्याकडून.

म्हटलं, रव्याचा करते. तुपातला.

२० फेब्रुवारी

नियम आम्हीच केला: एक झाड सोडायचं, त्याबदली राहणाऱ्यांतलं एक निवडायचं आणि राखायचं. बायकांना एकदम पटलं. देणं नाही, अदलाबदल! साडीच्या दुकानात करतो तशी.

हनुमानजी थाटात हलले. नायरबाईंनी झाडांची नवी जोडी दोरी धरून मोजून घेतली. बॅनर्जींच्या सासूबाईंना मी चार झाडांना टेकवून बघितलं, पाचवं पटलं. तिसऱ्या मुलीच्या आईची अट फक्त एवढीच, की नवं झाड सरळ असावं, मुलगाही तसाच मिळतो. रजनी म्हणाली, तिचं जुनं झाड तसंही लवकर यायचं, आता पुढच्या झाडापर्यंत चालेल म्हणजे वजन उतरेल.

२ मार्च

विरळणी संपली. जंगलात सगळीकडे ऊन. आधी भकास वाटलं, भांडी काढून नेलेल्या मांडणीसारखं. आता सवय झाली. हे रोज टेप घेऊन जातात. म्हणतात, लगेच काही वाढणार नाहीत. तरी मोजतात.

११ मार्च

होळी झाली. ह्या वर्षी एकही झाड चोरीला गेलं नाही! विरळणीच्या फांद्याच एवढ्या होत्या. शिवाय रजनी आणि दुबे भाभी काठ्या घेऊन जंगलाच्या फाटकावर बसल्या होत्या. आपापलं झाड आहे आता, कोणाच्या बापाची हिंमत?

२४ मार्च

मिळाला! दाखला मिळाला! कुरियन मॅडमचा फोन आला. यार्डाचा नकाशा गुंडाळून ठेवला. ह्यांनी फोन ठेवला आणि सरळ जंगलात गेले. चप्पलसुद्धा विसरले.

२७ मार्च

पाडवा. गुढी उभारली. ह्या घरातली शेवटची, असं वाटून गेलं. श्रीखंड बरं झालं होतं.

३१ मार्च

निवृत्त झाले. हार, शाल, नारळ, भाषणं. जी.एम. सक्सेना साहेबांनी खूप स्तुती केली आणि मग बाजूला घेऊन सांगितलं — सल्लागार म्हणून ठेवता येणार नाही. निवृत्त माणसाला पुन्हा घ्यायचं नाही, असा वरून नवा आदेश आलाय. महिन्याभरात क्वार्टर सोडायचं.

म्हणजे पुणे. मला हवं होतं तसंच. हे म्हणाले, "चल तर मग, तुझे पडदे लावू." हसून म्हणाले. मीही हसले.

आनंद अजून झालेला नाही. दमलेय बहुतेक.

४ एप्रिल

जी.एम.नी बोलावलं. ह्यांना नाही. मला!

कुरियन मॅडमनी दाखल्याला अट घातलीय. जंगल आणि लोक यांच्यामध्ये बोलायला एक कायमचं माणूस हवं, लोकांनीच सुचवलेलं. दोन्ही लायनींतल्या बायकांनी एकच नाव दिलं म्हणे. आदेश निवृत्तांना लागू. मी निवृत्त कुठे? मी तर कधी नोकरीलाच नव्हते. दोन वर्षांचं काम. क्वार्टर माझ्या नावावर. आश्रित — गजानन, पती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठून उभेच राहिले. म्हणाले, "मॅडम, मला जंगलात जायला परवानगी आहे ना?"

म्हटलं, "बघू."

बाळूला फोन केला. फ्लॅटला भाडेकरू शोध म्हटलं.